समुद्र वाचणारी माणसे

पावसाळ्याच्या तोंडावर, किंवा पाऊस सरता सरता, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दोन ओळींची एक बातमी हमखास येते. बंदरावर तीन नंबरचा बावटा लावण्यात आला असून मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, असा इशारा देण्यात आला आहे. पुण्या-नाशिकचा वाचक या ओळींवरून नजर फिरवून पुढच्या बातमीकडे वळतो. किनाऱ्यावरच्या घरात मात्र तीच बातमी मोठ्याने वाचली जाते. कारण त्या घरातला कुणीतरी त्या वेळी होडीवर असतो. आपल्या बंदरांवर अशा इशाऱ्यांचे अकरा क्रमांक ठरलेले आहेत. त्यांतला तिसरा म्हणजे बंदराला वादळी वाऱ्याचा धोका आहे, सावध राहा.

हा बावटा वर चढण्याआधी कितीतरी माणसांनी कितीतरी ठिकाणी काहीतरी मोजून, लिहून ठेवलेले असते. कुणी पारा किती उतरला ते पाहिलेले असते, कुणी वाऱ्याची दिशा, कुणी लाटेची उंची, कुणी पाण्याचे तापमान. आज या मोजणाऱ्या माणसांविषयी लिहायचे आहे, आणि तेही एका वेगळ्याच अंगाने. समुद्राची ही मोजदाद माणसाने पोटासाठी केली, व्यापारासाठी केली. पण सर्वांत निकराने, पैसा आणि जीव ओतून केली ती आरमारासाठी. तोफा, जहाजे आणि सेनापती यांच्या कथा आपण आवडीने वाचतो. त्या सगळ्यांच्या आधी जी एक साधी नोंद वहीत पडलेली असते, तिची कथा सहसा कुणी सांगत नाही.

मी नौदलात नव्हतो. व्यापारी जहाजांवर बरीच वर्षे काढली. पण व्यापारी जहाजेही ही मोजणी करतात. दर सहा तासांनी, ग्रिनिचच्या वेळेप्रमाणे, ज्याची पाळी असेल त्याने बॅरोमीटर वाचायचा, कोरड्या आणि ओल्या तापमापकांचे आकडे टिपायचे, ढग कोणत्या जातीचे आणि आकाशाचा किती भाग झाकलेला ते पाहायचे, आणि दोरीला बांधलेली बादली समुद्रात सोडून पाण्याचे तापमान घ्यायचे. बादली वर आली की तापमापक लगेच बुडवावा लागतो. वाऱ्यावर ठेवली तर पाणी निवते आणि आकडा खोटा होतो. मग हे सगळे पाच-पाच आकड्यांच्या सांकेतिक भाषेत उतरवायचे आणि रेडिओ ऑफिसरच्या हाती द्यायचे. मुंबई बंदराला लागलो की हवामान खात्याचा माणूस जहाजावर येऊन आमचा बॅरोमीटर त्याच्याजवळच्या प्रमाण यंत्राशी ताडून पाहत असे.

उत्तररात्रीच्या थंडीत, जहाज डोलत असताना बादली सोडण्याचा कंटाळा येणारच. मागच्या पाळीचा आकडा थोडा इकडेतिकडे करून लिहिला तर कोण पाहतो आहे? आमचे एक वयस्क चीफ ऑफिसर नव्या पोरांना पहिल्याच दिवशी एक वाक्य सांगत. ‘अरे, दिसलं ते लिही. असावं असं वाटतं ते लिहू नकोस.’ एवढ्याशा वाक्यावर केवढा डोलारा उभा असतो, हे मला पुढे निवृत्तीनंतर वाचनाला निवांतपणा मिळाला तेव्हा उमगले.

लंगड्या लेफ्टनंटच्या जुन्या वह्या

समुद्राच्या नोंदींना शास्त्राचे रूप देणाऱ्यांत पहिले ठळक नाव घ्यावे लागते ते मॅथ्यू फाँटेन मॉरी या अमेरिकन नौदलातल्या लेफ्टनंटचे. १८३९ साली घोडागाडीच्या अपघातात त्याचा पाय कायमचा अधू झाला. समुद्रावर जाणे संपले, म्हणून १८४२ मध्ये त्याला वॉशिंग्टनमध्ये नकाशे आणि उपकरणे यांच्या कोठारावर नेमले. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर अडगळीच्या खोलीत बदली! त्या अडगळीत नौदलाच्या जहाजांच्या जुन्या रोजनिशींची चळत पडलेली होती. कोणत्या दिवशी जहाज कुठे होते, वारा कुठून होता, प्रवाह कसा होता, हे सगळे त्यांत लिहिलेले होते. मॉरीने ते एकत्र केले, समुद्राच्या नकाशावर मांडले आणि १८४७ पासून वाऱ्यांचे आणि प्रवाहांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्या तक्त्यांवरून वाट आखणाऱ्या शिडाच्या जहाजांचे लांबच्या प्रवासातले कित्येक दिवस वाचू लागले. १८५३ साली ब्रसेल्सला दर्यावर्दी राष्ट्रांची परिषद भरली आणि सर्वांनी एकाच पद्धतीने नोंदी घ्याव्यात असे ठरले. शंभराहून अधिक वर्षांनी आमच्या जहाजावर जी बादली सुटत होती, तिची दोरी तिथपर्यंत पोहोचते.

पुढच्याच वर्षी या कामाचे मोल युरोपला कळले, पण फार महागात. क्रिमियाचे युद्ध चालू होते. १४ नोव्हेंबर १८५४ रोजी काळ्या समुद्रात भयंकर वादळ झाले आणि बालाक्लाव्हाजवळ नांगरलेल्या ब्रिटिश आणि फ्रेंच जहाजांची वाताहत झाली. सैनिकांचे हिवाळी कपडे आणि दारूगोळा तळाशी गेला, आणि पुढचा हिवाळा त्या सैनिकांनी कसा काढला असेल ते सांगायला नको. फ्रान्सने ल व्हेरिए या खगोलशास्त्रज्ञाला चौकशी सोपवली. नेपच्यून ग्रह कुठे सापडेल हे नुसत्या गणिताने सांगणारा हाच तो. त्याने युरोपभरातून त्या दिवसांच्या नोंदी मागवल्या आणि दाखवून दिले की, हे वादळ युरोप ओलांडत पुढे सरकत आले होते. तारायंत्र तर तेव्हा आलेले होतेच. म्हणजे आधीच्या गावांनी पुढच्यांना कळवले असते, तर जहाजांना वेळीच सावध होता आले असते. हवामानाची ठाणी तारेने जोडण्याच्या कल्पनेला खरा जोर मिळाला तो या दुर्घटनेनंतर.

आपल्या मुंबईतही कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये उभारली, तीही मूळ जहाजांच्या सोयीसाठी. १८४१ पासून तिथे हवामानाच्या नियमित नोंदी सुरू झाल्या. ‘कुलाबा येथे पावसाची नोंद’ हे शब्द आपल्या इतके अंगवळणी पडले आहेत की त्यामागे जहाजे होती, हे आपण विसरून गेलो.

एका किनाऱ्याची मोजणी

पण नोंदींवर मोहीम कशी उभी राहते हे पाहायचे असेल, तर ६ जून १९४४ या दिवसाकडे जावे लागते. त्या दिवशी दोस्त राष्ट्रांच्या सुमारे सात हजार लहानमोठ्या जहाजांनी इंग्लिश खाडी ओलांडली आणि दीड लाखाहून अधिक सैनिक फ्रान्समध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर आणि त्यामागच्या मुलखात उतरले. या दिवसावर सिनेमे निघाले, जाडजूड ग्रंथ झाले. त्या दिवसाची तयारी मात्र दोन वर्षे आधी सुटीतल्या फोटोंपासून सुरू झाली होती. १९४२ साली बीबीसीवरून लोकांना आवाहन करण्यात आले की, तुमच्याकडे परदेशी समुद्रकिनाऱ्यांची छायाचित्रे, चित्रपत्रे असतील तर पाठवा. लक्षावधी फोटो आले. मुले वाळूत किल्ला करत आहेत, आई छत्रीखाली बसली आहे, आणि मागे किनाऱ्याचा उतार दिसतो आहे. लष्कराला हवा होता तो मागचा उतार.

मग प्रश्न आला वाळूचा. रणगाड्याचे वजन ती पेलेल का? काही ठिकाणी वाळूच्या पातळ थराखाली चिखल असावा अशी शास्त्रज्ञांना शंका होती. १९४३ सालच्या शेवटच्या रात्री, जर्मन सैनिक नववर्षाच्या मेजवानीत असतील अशा हिशेबाने, स्कॉट-बाउडन आणि ऑग्डन-स्मिथ हे दोन ब्रिटिश सैनिक नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर पोहत गेले. पहारेकऱ्यांच्या नजरेआड, रांगत रांगत त्यांनी गिरमिटाने वाळूत भोके पाडली, नमुने नळ्यांत भरले आणि त्या थंडगार पाण्यातून पोहत परत आले. पुढच्या महिन्यात एका चिमुकल्या पाणबुडीतून जाऊन त्यांनी आणखी एका किनाऱ्याची पाहणी केली. मूठभर वाळूसाठी एवढा खटाटोप! पण त्या मुठीवर हजारो माणसांचे प्राण अवलंबून होते.

त्यानंतर भरती-ओहोटी. नॉर्मंडीला भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत सुमारे सहा मीटरचा फरक पडतो. जर्मनांनी किनाऱ्यावर लाकडी आणि लोखंडी अडथळे रोवले होते. भरतीला उतरावे तर नावा त्यांवर आपटणार. पार ओहोटीला उतरावे तर सैनिकांना उघड्या वाळूवरून लांबवर गोळ्यांच्या वर्षावात धावावे लागणार. म्हणजे पाणी खाली असले पाहिजे, पण चढते पाहिजे. ही वेळ काढून देण्याचे काम लिव्हरपूलजवळच्या बिडस्टन वेधशाळेतल्या आर्थर डूडसन यांच्याकडे आले. कप्प्या आणि चाकांनी भरलेल्या पितळी यंत्रावर ते भरतीचे गणित करीत. त्यांना ठिकाणाचे नाव सांगितलेले नव्हते. ‘झेड’ हे अक्षर आणि काही आकडे, एवढेच कागदावर होते. यंत्रे दोन होती, आणि एकाच बॉम्बने दोन्ही जाऊ नयेत म्हणून ती वेधशाळेच्या दोन टोकांना ठेवलेली होती.

लाटांचे गणित अटलांटिकच्या पलीकडे, कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत झाले होते. हॅरल्ड स्वेरद्रुप हे नॉर्वेजियन प्राध्यापक आणि वॉल्टर मुंक हा त्यांचा तरुण विद्यार्थी. सैनिक नावांतून किनाऱ्यावर उतरण्याचा सराव करीत, तेव्हा लाटा एका मर्यादेपलीकडे गेल्या की सराव थांबवावा लागे, हे मुंकच्या ध्यानात आले होते. सराव थांबवता येतो. लढाई कशी थांबवणार? मग वारा किती जोराचा, किती वेळ आणि समुद्राच्या किती लांबीवर वाहतो, यावरून किनाऱ्याला येणारी लाट किती उंच असेल हे सांगण्याची रीत या दोघांनी बसवली आणि लष्करी हवामान अधिकाऱ्यांना शिकवली. तीच नॉर्मंडीला वापरली गेली.

टपाल कचेरीतला पारा

राहता राहिले हवामान. ते मात्र कुणाच्या हाती नव्हते. छत्रीधारी सैनिकांना चांदणे हवे, नावांना पहाटेची ओहोटी हवी. हे दोन्ही जुळणारे दिवस होते ५, ६ आणि ७ जून. त्यांतला ५ जून ठरला. सरसेनापती आयझेनहॉवर यांचे हवामान सल्लागार होते जेम्स स्टॅग नावाचे स्कॉटिश गृहस्थ. त्यांच्या हाताखाली अंदाज बांधणारे तीन गट, आणि तिघांची तोंडे तीन दिशांना. अमेरिकन गट जुन्या वर्षांचे नकाशे ताडून म्हणत होता, हवा चांगली राहील. ब्रिटिश हवामान खात्याच्या गटात स्वेरे पेटरसन हे नॉर्वेजियन शास्त्रज्ञ होते. ते वरच्या थरातल्या वाऱ्यांकडे बोट दाखवून म्हणत होते, वादळ येते आहे. तिसरा गट ब्रिटिश नौदलाचा. टेलिफोनवर त्यांचे तासन् तास वाद चालत, आणि स्टॅग यांना त्यातून एकच उत्तर सेनापतीसमोर ठेवायचे होते.

युरोपात वादळे येतात ती पश्चिमेकडून, अटलांटिकवरून. त्यांची पहिली चाहूल लागते आयर्लंडच्या पश्चिम टोकाला. आयर्लंड त्या युद्धात तटस्थ होता, तरीही तिथल्या हवामानाच्या नोंदी ब्रिटनला मिळत राहिल्या होत्या. मेयो परगण्यातल्या ब्लॅकसॉड या टोकाच्या वस्तीत टपाल कचेरीतून ही मोजणी होई. मॉरीन फ्लॅव्हिन नावाची तरुण मुलगी तिथे टपालातल्या मदतनिसाच्या जागेसाठी आली. नोकरीला लागल्यावर तिला कळले की, पत्रांबरोबर पाराही पाहावा लागणार. ३ जून १९४४ हा तिचा एकविसावा वाढदिवस. त्या दिवशी तिने पाहिले तर पारा झपाट्याने उतरत होता. तिने आकडा कळवला. थोड्या वेळाने इंग्लंडहून टेलिफोन आला. एक अनोळखी बाई विचारत होती, आकडा पुन्हा तपासाल का? तिने तपासला. पुन्हा विचारणा झाली, पुन्हा तपासला. आकडा तोच होता.

त्या आकड्याने, आणि अटलांटिकवरून आलेल्या इतर नोंदींनी, पारडे झुकले. ४ जूनच्या पहाटे आयझेनहॉवर यांनी मोहीम पुढे ढकलली. निघालेले काही काफिले अर्ध्या वाटेतून परत बोलवावे लागले. मग त्याच दिवशी रात्री स्टॅग यांनी सांगितले की, वादळाच्या मागोमाग थोडी उघडीप मिळेल. फार चांगली नव्हे, पण चालण्याजोगी. ५ तारखेच्या पहाटे शेवटचा निर्णय झाला. ६ जून.

ही संधी हुकली असती तर ओहोटीची पुढची सोयीची वेळ १९ जूनच्या आसपास होती. आणि १९ ते २२ जून या काळात त्या खाडीत असे वादळ झाले की, अमेरिकनांनी किनाऱ्यावर उभारलेले कृत्रिम बंदर मोडून पडले आणि शेकडो नावा वाळूवर फेकल्या गेल्या. उतरण्याचा दिवस तो असता तर काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी. मॉरीनला आपल्या आकड्याचे मोल पुढे अनेक वर्षांनी कळले. तिने तिथल्या दीपगृहाच्या रखवालदाराशी, टेड स्वीनीशी, लग्न केले आणि आयुष्य त्याच गावात काढले. २०२१ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातर्फे तिचा गौरव झाला. डिसेंबर २०२३ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी ती गेली. तिच्या जागी कुणी कंटाळा करून मागचाच आकडा लिहिणारा असता तर? आमच्या चीफ ऑफिसरांचे वाक्य मला इथे आठवते.

नोंदींसाठी लढाई

जर्मनांकडे शास्त्रज्ञ कमी प्रतीचे नव्हते. त्यांना कमी पडत होते ते अटलांटिकवरचे आकडे. हवा वाईट, तेव्हा शत्रू येणार नाही, असे त्यांना वाटले. किनाऱ्याचा सेनापती रोमेल ६ जूनला पत्नीच्या वाढदिवसासाठी घरी गेलेला होता.

हे आकडे मिळवण्यासाठी जर्मनीने काय केले नाही? उत्तर अटलांटिकमध्ये मच्छीमार जहाजे हवामानाच्या नोंदी घेण्यासाठी पाठवली. पण १९४१ च्या मे आणि जून महिन्यांत ब्रिटिशांनी म्युंखेन आणि लाउएनबुर्ग ही त्यांतली दोन जहाजे पकडली. पकडली ती हवामानासाठी नव्हे, त्यांच्यावरच्या सांकेतिक लिपीच्या कागदांसाठी! त्या कागदांनी जर्मन आरमाराचे संदेश उलगडायला मोठी मदत झाली. पारा वाचायला गेलेल्या बोटींनी स्वतःच्याच आरमाराची गुपिते शत्रूच्या हाती दिली. ऑक्टोबर १९४३ मध्ये एका जर्मन पाणबुडीने कॅनडाच्या लॅब्रॅडोर किनाऱ्यावर आपोआप संदेश पाठवणारे हवामान केंद्रच गुपचूप उभारले. कुणाला संशय येऊ नये म्हणून त्यावर कॅनडाच्या हवामान खात्याचे वाटेल असे नाव लिहिले आणि आसपास अमेरिकन सिगारेटची पाकिटे टाकली. ते तिथे आहे हे १९८१ साली उघडकीला आले. पुढे ते ओटावाच्या युद्ध संग्रहालयात ठेवले गेले.

सर्वांत विलक्षण कथा आहे उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्डची. विल्हेल्म डेगे यांच्या नेतृत्वाखाली अकरा जर्मन तिथल्या बर्फात हवामानाच्या नोंदी घेत बसले होते. मे १९४५ मध्ये जर्मनी शरण आली. त्यांना न्यायला कुणी येईना. अखेर ४ सप्टेंबर १९४५ रोजी सील मासे मारणाऱ्या एका नॉर्वेजियन बोटीच्या कप्तानापुढे त्यांनी शस्त्रे खाली ठेवली. जर्मन सैन्यातली शरण येणारी ही शेवटची तुकडी. ज्यांनी शेवटपर्यंत ठाणे सोडले नाही, ते पारा वाचणारे होते.

नोंद असून भागत नाही, ती वेळेवर पोहोचावी लागते आणि ऐकणारा कानही लागतो. डिसेंबर १९४४ मध्ये फिलिपीन्सच्या पूर्वेला अमेरिकन ॲडमिरल हॉल्सी यांचा बलाढ्य ताफा इंधन भरून घेण्याच्या गडबडीत चक्रीवादळात सापडला. वादळ नेमके कुठे आहे याचा अंदाज चुकला होता. हल, स्पेन्स आणि मोनाहान या तीन विनाशिका बुडाल्या, सुमारे ७९० माणसे गेली. शत्रूची एकही गोळी न लागता! त्यानंतर ॲडमिरल निमित्झ यांनी आपल्या कप्तानांना पत्र लिहून बजावले की, दुरून येणाऱ्या अंदाजावर विसंबून राहू नका. तुमचा बॅरोमीटर, तुमचा वारा, तुमची लाट स्वतः पाहा. एवढे सामर्थ्य असलेल्या सेनापतीला शेवटी जुन्या खलाशाचीच शिकवण द्यावी लागली.

दुपारची वामकुक्षी आणि समुद्राचे थर

आतापर्यंत पाहिले ते पाण्याच्या वरचे. पाण्याखालची कथा याहून गूढ आहे. १९३६-३७ च्या सुमारास अमेरिकन नौदलाची सेम्स ही विनाशिका क्युबाजवळ सोनारच्या चाचण्या घेत होती. पाण्यात आवाज सोडायचा आणि पाणबुडीवर आपटून येणारा प्रतिध्वनी ऐकायचा, हे सोनारचे तत्त्व. सकाळी यंत्र उत्तम चाले. दुपार झाली की पाणबुडी सापडेनाशी होई. जेवणानंतर ऐकणाऱ्यांना डुलकी लागते की काय, अशीही शंका घेतली गेली! खरे कारण निघाले पाण्याचे. उन्हाने समुद्राचा वरचा थर एक-दोन अंशांनी तापे, आणि त्या फरकाने आवाजाचा किरण खाली वाकून जाई. समोरची पाणबुडी जणू भिंतीआड लपे. त्याच सुमारास मूळच्या दक्षिण आफ्रिकेच्या ॲथेलस्टन स्पिलहाउस यांनी एक उपकरण सिद्ध केले. चालत्या जहाजावरून ते पाण्यात सोडले की खोलीनुसार बदलणाऱ्या तापमानाची रेघ काजळी धरलेल्या काचेवर उमटे. दुसऱ्या महायुद्धात ही काच पाणबुड्यांच्या शोधात मोलाची ठरली.

आपला अरबी समुद्र तर उष्ण, आणि त्याचे थर ऋतूंप्रमाणे बदलणारे. हा प्रश्न आपल्या नौदलासाठी पुस्तकी नाही. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने आपली खुकरी ही युद्धनौका बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. पाण्याखाली कोण कोणाला आधी ऐकतो, यावर इतक्या घरांचे भवितव्य ठरते.

आपल्याकडे या समुद्राचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला तो १९६० च्या दशकात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या निमित्ताने. नौदलाची कृष्णा ही नौका १९६२ ते १९६५ या काळात त्या मोहिमेत पाण्याचे नमुने आणि तापमान घेत फिरली. त्या मोहिमेतूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्माला आली. गोव्याला गेलेल्या अनेकांनी दोना पावलाच्या टेकडीवर ती पाहिली असेल. कोचीला नौदलासाठी संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे, आणि १९९४ पासून तिच्या दिमतीला सागरध्वनी हे जहाज आहे. नाव किती समर्पक! या जहाजाने अलीकडच्या वर्षांत जुन्या कृष्णाच्याच वाटांवरून पुन्हा फिरून मोजणी केली. आजोबांच्या वहीतले आकडे नातवाने ताडून पाहावेत, तसे.

शांततेची चौकट

शत्रूला फसवण्यासाठी, लपण्यासाठी, मारण्यासाठी जमवलेली ही विद्या युद्ध संपल्यावर कुठे जाते? ती हळूहळू आपल्या घरी येते. मुंक आणि स्वेरद्रुप यांनी सैनिक उतरवण्यासाठी लाटांचा अंदाज बांधायला सुरुवात केली. त्या रोपट्याचे आज झाड झाले आहे. १९९९ मध्ये हैदराबादला स्थापन झालेली महासागर माहिती सेवा संस्था आपल्या किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना लाटांची उंची आणि मासळी कुठे मिळेल हेसुद्धा कळवते. मुंक स्वतः १०१ वर्षे जगले, आणि २०१९ मध्ये वारले तेव्हा लाटांवर खेळणाऱ्या तरुणांनाही ते आपले वाटत होते. जगाच्या समुद्रांत आज आर्गो नावाचे सुमारे चार हजार तरंगते मापक फिरत आहेत. ते दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोलीवरून वर येतात आणि वाटेतल्या पाण्याचे तापमान आणि खारेपणा उपग्रहाला सांगतात. काचेवरच्या काजळीचेच हे पुढचे रूप. हे आकडे एका दिवसाच्या आत सर्वांसाठी खुले होतात.

आणि नौदलाची मोहीम म्हणजे दर वेळी युद्धच असते असेही नाही. मे २०२१ मधले तौक्ते वादळ आपण विसरलेलो नाही. वादळाचे इशारे आधीच दिलेले होते. तरी मुंबईपासून दूर समुद्रातल्या तेलक्षेत्रात पी-३०५ ही तराफानौका माणसांसह थांबली होती, आणि १७ मे रोजी ती बुडाली. त्या खवळलेल्या समुद्रात आयएनएस कोची आणि आयएनएस कोलकाता या युद्धनौकांनी जाऊन शेकडो जीव वाचवले. पण सत्तरहून अधिक माणसे परत आली नाहीत. स्वालबार्डच्या बर्फात बसून मिळवलेला आकडा असो की उपग्रहाने फुकट दिलेला; ऐकणाऱ्याने ऐकला नाही तर दोन्ही सारखेच.

एक गोष्ट सांगून थांबतो. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तसे ब्रिटनमध्ये रेडिओवरचे हवामानाचे अंदाज बंद झाले. उद्या लंडनला पाऊस पडेल की नाही, हे लष्करी गुपित ठरले. जवळजवळ सहा वर्षे लोकांनी आभाळाकडे पाहून छत्री घ्यायची की नाही ते ठरवले. मे १९४५ मध्ये जर्मनी शरण आली आणि अंदाज पुन्हा ऐकू येऊ लागले. आपल्या वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातही हवामानाची एक लहानशी चौकट असते: कमाल, किमान, आर्द्रता, भरती, ओहोटी. आपण ती क्वचितच वाचतो. ती छापता येते, कुणीही वाचू शकते, मित्र आणि शत्रू दोघेही. शांतता याहून वेगळी काय असते? त्या चौकटीतला प्रत्येक आकडा कुणीतरी, कुठेतरी, आळस न करता पाहून लिहिलेला आहे.